शब्दांच्या अंगावरचे ठिपके

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात तयार होणाऱ्या मेरियम-वेबस्टर कोशात ‘डिक्शनरी’ हा शब्द शोधला, तर तो दोन ठिपक्यांनी तीन तुकड्यांत विभागलेला दिसतो. लगेच पुढे उच्चार दिलेला असतो आणि त्यात तुकडे चार निघतात: डिक्-श-ने-री. ‘एरिया’ या शब्दात ठिपका एकच, पण म्हणताना ए-रि-या असे तीन तुकडे पडतात. ‘आयडिया’त ठिपकाच नाही. ‘अगेन’मध्ये नाही, ‘ईव्हन’मध्ये नाही. कोशकारांचा हिशेब चुकला असावा, असे पहिल्यांदा वाटते. तो चुकलेला नाही. ठिपके एका कामासाठी आहेत आणि उच्चार दुसऱ्या कामासाठी, आणि ही गोष्ट कोशाच्या सुरुवातीच्या, सहसा कुणी न वाचलेल्या पानांवर स्वच्छ लिहून ठेवलेली असते.

ठिपका वाचणाऱ्याच्या जिभेसाठी नाही, छापणाऱ्याच्या ओळीसाठी आहे. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही, तर तो कुठे तोडून हायफन द्यायचा आणि उरलेला भाग खाली न्यायचा, एवढेच तो सांगतो. एकटे अक्षर ओळीच्या टोकाला ठेवू नये, पुढच्या ओळीच्या सुरुवातीलाही एकटे पाठवू नये, हा छापखान्याचा जुना दंडक. म्हणून ‘डिक्शनरी’तला शेवटचा वाय सुटा करता येत नाही आणि ‘एरिया’चा शेवटचा ए देखील नाही. ‘आयडिया’च्या सुरुवातीला एकटा आय आणि शेवटी एकटा ए, तोडायला जागाच उरत नाही. अमेरिकन हेरिटेज कोशाने वेगळी वाट धरली. तिथे सगळे तुकडे दाखवतात, एका अक्षराचेसुद्धा. दोन्ही कोशांतले ठिपके दिसायला सारखे, त्यांचे काम मात्र निराळे.

ही गरज छपाईच्या जन्माइतकी जुनी आहे. गुटेनबर्गने माइन्झ शहरात १४५५च्या सुमारास छापलेल्या बायबलात एका स्तंभात ४२ ओळी होत्या आणि दोन्ही कडा सरळ राखण्यासाठी ओळीच्या शेवटी शब्द तोडावे लागले. तोडल्याची खूण म्हणून त्याने दोन तिरप्या रेघांचा हायफन समासात ठेवला. पुढची पाचशे वर्षे हे काम खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या हाती राहिले. त्याला विचार करायला वेळ नसे, पण विचार न करून चालतही नसे. ‘थेरपिस्ट’ हा शब्द इंग्रजीत पहिल्या तीन अक्षरांनंतर तोडला, की उपचार करणारा माणूस खालच्या ओळीत बलात्कारी होऊन बसतो. ‘लेजंड’ तर नियमाने तोडला तरी वरच्या ओळीत पाय राहतो आणि खालच्या ओळीत शेवट. ऑक्सफर्डच्या छापखान्यात होरेस हार्ट यांनी आपल्या कामगारांसाठी १८९३ साली नियमांची एक छोटी पुस्तिका छापली. ती १९०४पासून बाहेरही विकली जाऊ लागली आणि ‘हार्ट्स रूल्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. शब्द कुठे तोडावा, हा त्यातला एक विषय.

पण छापखान्यातला माणूस तरी तुकडा कशावरून ठरवणार? कानाने ठरवावे, तर कानाला एवढेच कळते की ‘पेपर’ म्हणताना आवाज दोनदा उमलतो. असे एकेक उमलणे म्हणजे एक सिलॅबल. सिलॅबल मोजणे पोरालाही जमते. टाळ्या वाजवत मोजता येते. एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सांगणे मात्र ध्वनिशास्त्राच्या तज्ज्ञांनाही अवघड जाते. ओबर्लिन कॉलेजमधल्या रेमंड स्टेटसन यांनी १९२०च्या दशकात एक आकर्षक उत्तर मांडले: छातीचे स्नायू प्रत्येक सिलॅबलला एक झटका देतात, म्हणून सिलॅबल ही शरीरात मोजता येणारी वस्तू आहे. पुढे १९५०च्या दशकात एडिंबरोला पीटर लॅडफोगेड आणि त्यांच्या शरीरशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी बरगड्यांमधल्या स्नायूंची हालचाल प्रत्यक्ष नोंदवली. एका सिलॅबलच्या काही शब्दांना दोन झटके निघाले आणि दोन सिलॅबलच्या काही शब्दांना मिळून एकच. तो सिद्धांत तिथेच मोडला. आज कुणी ध्वनींच्या ठळकपणाचे चढउतार मोजतात, कुणी व्यंजन शक्यतो पुढच्या स्वराला द्यावे म्हणतात, कुणी एकच व्यंजन दोन्हीकडे वाटून टाकतात.

‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दात नऊ अक्षरे आहेत आणि सिलॅबल एक. ‘एरिया’त अक्षरे चार आणि सिलॅबल तीन. ‘फायर’ला एक म्हणावे की दोन, यावर इंग्रजी बोलणारी दोन माणसे सहज वाद घालू शकतात आणि दोघेही आपापल्या गावच्या उच्चाराप्रमाणे बरोबर असतात. ‘चॉकलेट’चे पूर्वी तीन होते; आता बहुतेकांच्या तोंडी दोनच उरले आहेत.

शब्दाचा तुकडा कुठे पाडायचा, या प्रश्नावर शाळेच्या पुस्तकात खरी लढाई झाली. थॉमस डिलवर्थ या इंग्लंडमधल्या शिक्षकाचे स्पेलिंगचे पुस्तक १७४०पासून मुलांच्या हातात होते आणि अटलांटिकपलीकडच्या वसाहतींतही तेच चाले. त्याची पद्धत लॅटिनवरून आलेली: दोन स्वरांच्या मध्ये एक व्यंजन असेल, तर ते पुढच्या स्वराला द्या. म्हणून हॅ-बिट, बि-शप. ‘नेशन’सारख्या शब्दाच्या शेपटाचेही दोन तुकडे व्हायचे, कारण कागदावर तिथे दोन स्वर दिसतात, तोंडात तो एकच आवाज आहे, याची पर्वा नव्हती. पंचविशीच्या उंबरठ्यावरचा नोआ वेबस्टर हे पुस्तक शिकवून वैतागला. त्याने १७८३ साली हार्टफर्डला आपले स्वतःचे स्पेलिंगबुक छापले आणि प्रस्तावनेत डिलवर्थची विभागणी एकेक शब्द घेऊन खोडून काढली. हॅब-इट लिहा, बिश-अप लिहा, असे त्याचे म्हणणे. मुलाने जसे तोडले तसे वाचावे आणि जसे वाचले तसे तोंडात बसावे.

हा आग्रह मराठी वाचकाला नवलाचा वाटेल, आणि त्याला कारण आहे. देवनागरीत ‘हॅबिट’ लिहिले की त्याची फोड हॅ-बिट हीच होणार. बि हे एकच अक्षर आहे. हॅब-इट करायचे, तर वेलांटी ओढून काढून तिला स्वतंत्र इ करावे लागते. आपली लिपी जन्मतःच डिलवर्थच्या बाजूची. वेबस्टरला मात्र इंग्रजीची एक खोड ठाऊक होती. ‘हॅ’मधला तो आखूड स्वर त्या भाषेत उघडा राहत नाही. इंग्रजीत त्या स्वराने संपणारा नेहमीच्या वापरातला शब्द सापडणार नाही; त्याच्या मागे व्यंजनाचे दार लागतेच. शिवाय मुलाने ओळीच्या शेवटी एच-ए एवढेच पाहिले, तर तो त्याला ‘हे’ वाचणार, जसे ‘पेपर’च्या आणि ‘बेकर’च्या सुरुवातीला वाचतो. बी जोडून एच-ए-बी दाखवले, तर ‘हॅब’ आपोआप तोंडातून निघते. विभागणी बदलली की त्या स्पेलिंगचा वाचून होणारा आवाज बदलतो. वेबस्टरने ठिपक्याला अशा रीतीने उच्चार शिकवण्याच्या कामाला लावले, आणि आज अमेरिकेतल्या छापखान्याची जी पद्धत आहे तिचे मूळ या वर्गात आहे.

निळ्या पुठ्ठ्याचे ते पुस्तक एकोणिसाव्या शतकात कोट्यवधी प्रतींनी खपले. त्यात दोन सिलॅबलच्या शब्दांचा धडा ‘बेकर’पासून सुरू होई. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत माणूस शाळेत किती शिकला, हे सांगताना तो ‘बेकर’पर्यंत पोचला होता, असे म्हणत. मुले रांगेत उभी राहून अक्षरे घोकत, तुकडा म्हणत, पुढच्या तुकड्याची अक्षरे घोकत आणि शेवटी सगळा शब्द जोडत. स्पेलिंगच्या स्पर्धांचा अमेरिकेला जो नाद लागला, तो याच घोकंपट्टीतून.

इंग्लंडात हे काम शाळामास्तरांइतकेच रंगभूमीवरच्या माणसांनी केले, हे फारसे सांगितले जात नाही. थॉमस शेरिडन हा आयर्लंडचा नट. नाटककार रिचर्ड ब्रिन्सली शेरिडनचा बाप. त्याने १७८० साली उच्चारांसह कोश काढला. जॉन वॉकर लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात प्रसिद्ध नट गॅरिकच्या मंडळीत कामे करत असे. नट म्हणून थांबल्यावर तो वक्तृत्व शिकवू लागला आणि १७९१ साली त्याचा उच्चारकोश आला. तुकडे पाडून शब्द मांडायचे, स्वरांवर आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांवरून मागच्या नियमांकडे जायचे, अशी त्याची मांडणी होती. स्कॉटिश, आयरिश आणि लंडनच्या लोकांनी कोणत्या खोडी टाळाव्यात, याच्या सूचनाही त्यात आहेत. वाक्य शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचवायचे ज्याला माहीत, त्याला शब्दाच्या आतला सांधा दिसतो. कोशाच्या पानात पुस्तकी पंडितांइतकाच या नटांचा कान मुरलेला आहे, आणि ते त्या पानाचे भाग्य म्हणावे लागेल.

आपल्याकडे हा विचार त्याहून फार आधी झाला होता. वेदपठण बिघडू नये म्हणून रचलेल्या प्रातिशाख्यांत कोणते व्यंजन मागच्या स्वराचे आणि कोणते पुढच्या, याचे नियम आहेत. एकटे व्यंजन पुढच्या स्वराचे, शेवटचे मागच्या स्वराचे, आणि जोडाक्षरातले पहिले मागच्या स्वराकडे. मराठी वृत्तात ‘पुस्तक’मधला पु गुरू धरतात तो याच समजेतून: लिहिताना पु-स्त-क, पण म्हणताना पुस्-तक. ‘तुझ्या’ या शब्दात जोडाक्षराचा आघात मागे येत नाही, म्हणून तिथे तु लघूच राहतो. येल विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी तैत्तिरीय प्रातिशाख्य १८७१ साली भाषांतरासह प्रसिद्ध केले. तेच व्हिटनी पुढे १८८९ ते १८९१ या काळात निघालेल्या ‘सेंच्युरी डिक्शनरी’ या थोर अमेरिकन कोशाचे मुख्य संपादक झाले. स्वराला व्यंजन कसे चिकटते याची चर्चा ज्यांनी संस्कृतात बारकाईने वाचली, त्यांच्याच हाताखाली इंग्रजी शब्दांची तपासणी झाली.

ब्रिटिश छापखान्याने मात्र कानापेक्षा कुळाला मान दिला. शब्द ज्या मुळांपासून झाला, त्या मुळांच्या सांध्यावर तो तोडायचा. ‘डेमॉक्रसी’ ग्रीकमधल्या लोक आणि सत्ता या दोन शब्दांची, म्हणून ब्रिटिश पान डेमो इथे थांबते आणि क्रसी खाली नेते. अमेरिकन पान डेमॉक इथे तोडते, कारण आघात तिथे आहे. ‘फोटोग्राफी’चे तसेच. ‘नॉलेज’मध्ये ब्रिटनला ‘नो’ हा धातू अखंड हवा. अमेरिकेला एल मागे ओढून ‘नॉल’ हवे. दोन्ही बाजूंना आपापले तर्कशास्त्र आहे. कुळाचा नियम वाचणाऱ्याला अर्थाची आठवण देतो, पण तो शेवटपर्यंत पाळता येत नाही. ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द मळसूत्र आणि पंख या दोन ग्रीक शब्दांपासून झाला, म्हणजे खरा सांधा हेलिको आणि प्टर यांच्यामध्ये. असा तुकडा कोणत्याही इंग्रजाच्या तोंडात बसणार नाही. माणसांनी तो शब्द मधोमध तोडून ‘कॉप्टर’ असे नवे नाव करूनही टाकले.

आणि मग ‘रेकॉर्ड’. मेरियम-वेबस्टरमध्ये हा शब्द एकाहून अधिक वेळा येतो. नाम असेल तर ठिपका सी या अक्षरानंतर: रेक-ऑर्ड. क्रियापद असेल तर ठिपका सी या अक्षराच्या आधी: रि-कॉर्ड. अक्षरे तीच, क्रम तोच, आणि तुकडे निराळे. नामात आघात पहिल्या स्वरावर पडतो, तो आखूड स्वर व्यंजनाला धरून ठेवतो. क्रियापदात आघात पुढे सरकतो आणि व्यंजनही त्याच्या मागोमाग पुढे जाते. ‘प्रोजेक्ट’चे असेच: काम असेल तर प्रॉज-एक्ट, पडद्यावर टाकणे असेल तर प्र-जेक्ट. ‘प्रेझेंट’ भेटवस्तू असेल तर एस मागे, सादर करणे असेल तर एस पुढे. ‘डेझर्ट’ वाळवंट असेल तर एक फोड, सोडून पळून जाणे असेल तर दुसरी. म्हणजे शब्द कुठे तुटतो, हे त्याचा अर्थ कळल्याशिवाय सांगता येत नाही. कोशाच्या पानावर विभागणी आणि व्याख्या शेजारी छापलेल्या असतात, तो केवळ जागेचा योगायोग नाही. इथे एकीवाचून दुसरी पुरी होत नाही.

व्याख्या करणे हीदेखील तोडणीच आहे. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ साली लंडनमध्ये पहिला फक्त इंग्रजीचा कोश छापला, तेव्हा त्यात साधारण अडीच हजार शब्द होते आणि सगळे अवघड. नेहमीचे शब्द समजावून सांगावे लागतात, हे कुणाच्या मनातही नव्हते. अक्षरांच्या क्रमाने शब्द कसा शोधायचा, हे मात्र त्याला वाचकांना शिकवावे लागले. अठराव्या शतकात नाथॅनियल बेलीने सोपे शब्दही घेतले, पण कुत्र्यापाशी आल्यावर हा एक परिचित चतुष्पाद प्राणी, एवढे सांगून तो पुढे गेला. त्याला दोष देऊ नये. ज्याला कुत्रा ठाऊक नाही, त्याला शब्दांनी कुत्रा दाखवणे फार कठीण आहे.

सॅम्युअल जॉन्सनने १७४६ साली करार केला आणि १५ एप्रिल १७५५ रोजी त्याचा कोश दोन जाडजूड खंडांत बाहेर पडला. लंडनच्या गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा मदतनीस उतरवून घेत होते. त्यांतले पाच स्कॉटिश. ४२,७७३ नोंदी. जॉन्सनने मथळ्यातल्या शब्दावर आघाताची खूण दिली आणि शब्द सलगच ठेवला. त्याची खरी कापाकापी आत, अर्थात आहे. एकट्या ‘टेक’ या क्रियापदाचे त्याने १३४ अर्थ वेगळे केले. हात पुढे करून घेणे, औषध घेणे, वेळ घेणे, मनावर घेणे, जागा घेणे: मराठीतला ‘घेणे’ हाताशी असलेल्या वाचकाला या कामाची कल्पना चटकन येईल. यांतला एक अर्थ कुठे थांबतो आणि पुढचा कुठे सुरू होतो? बोलणाऱ्याच्या मनात तिथे रेघ नसते. कोशकार आकडा घालतो आणि रेघ तयार होते, अगदी ठिपक्यासारखी.

जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या कोशाचे काम १८७९ साली हाती घेतले, तेव्हा लंडनजवळच्या मिल हिलमध्ये लोखंडी पत्र्याची एक शेड उभारली आणि आत १,०२९ कप्पे बसवले. जगभरातले वाचक कागदाच्या चिठ्ठीवर एक शब्द आणि त्याचा वापर दाखवणारे वाक्य उतरवून पाठवत. पहिला भाग १८८४ साली निघाला. पुढे ऑक्सफर्डला घराच्या बागेत नवी शेड उभी राहिली. मरे १९१५ साली टी या अक्षराच्या शब्दांवर काम करता करता वारले आणि कोश १९२८मध्ये पूर्ण झाला: ४,१४,८२५ शब्द. या कोशाने मथळ्यातल्या शब्दाला ठिपक्यांनी कधी तोडले नाही. तिथली पद्धत चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावण्याची. टेबलावर वाक्ये पसरायची, एकमेकांजवळची एकत्र करायची, कुठे फट दिसते ते पाहायचे आणि मगच व्याख्या लिहायची. अर्थ आधी ठरवून वाक्ये शोधायची नाहीत. या नम्र पद्धतीने ‘रन’ या क्रियापदाचे आजच्या आवृत्तीत ६४५ अर्थ झाले आहेत.

व्याख्येतले शब्द मूळ शब्दापेक्षा अवघड झाले, तर वाचक आणखी एका पानावर पाठवला जातो. जॉन्सनची जाळ्याची व्याख्या त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ती समजायला पुन्हा कोश लागतो. या दुखण्यावरचा उपाय हिंदुस्थानात शिकवणाऱ्या एका माणसाने काढला. मायकेल वेस्ट ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि बंगाली मुले इंग्रजी वाचताना कुठे अडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर त्यांनी १९३५ साली काढलेल्या कोशात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचार फक्त १,४९० शब्दांत समजावले आहेत. त्या मर्यादेबाहेर पाऊल टाकायचे नाही, ही अट त्यांनी स्वतःवर घातली. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये विद्यार्थ्यांसाठी कोश रचला; तो टोकियोत १९४२ साली निघाला आणि ऑक्सफर्डने १९४८ साली आपला म्हणून छापला. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत दहावी-बारावीच्या वयात विकत घेतला जाणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांचा कोश त्याचाच वंशज. इंग्रजी जन्मापासून न बोलणाऱ्यांसाठी केलेल्या या कोशांनी व्याख्येला जेवढे स्वच्छ केले, तेवढे मोठ्या खंडांनी केले नाही.

मेरियम-वेबस्टरच्या १९६१च्या तिसऱ्या आवृत्तीत संपादक फिलिप गोव्ह यांनी उलट टोक गाठले. प्रत्येक व्याख्या एकाच सलग वाक्यांशात, स्वल्पविराम शक्य तितके टाळून. त्यांच्या ‘हॉटेल’च्या व्याख्येत लिफ्ट आहे, दिवाणखाना आहे, केस कापणारा, बूटपॉलिश, टेलिफोनचे खोके आणि लिहिण्याची टेबले आहेत. हॉटेल म्हणजे काय, हे ती सांगतेच, शिवाय १९६१ साल कसे होते हेही सांगते. टीकाकार तिच्यावर तुटून पडले. पण त्या लांबलचक वाक्यातला प्रामाणिकपणा नाकारता येत नाही: वस्तू पुरती पकडायची, तर एवढे लागते.

याच प्रकाशनाच्या १९३४च्या दुसऱ्या आवृत्तीत घनता या अर्थाचा ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला. असा शब्द कधीच नव्हता. रसायनशास्त्राच्या संपादकाने ३१ जुलै १९३१ रोजी एक चिठ्ठी लिहिली होती: मोठा डी किंवा लहान डी, घनतेचे संक्षिप्त रूप म्हणून. इंग्रजीत मोठा डी, ‘ऑर’ आणि लहान डी अशी ती अक्षरे ओळीने उभी होती. नव्या शब्दांच्या चिठ्ठ्यांवर अक्षरे नेहमी सुटी-सुटी टंकलेली असत, म्हणून कुणीतरी मधल्या मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करून चारही अक्षरे जोडली. शब्दाची जात लिहिली गेली, उच्चार लिहिला गेला. फेब्रुवारी १९३९मध्ये एका संपादकाच्या लक्षात आले की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही. दोन जागा न दिसल्यामुळे एक शब्द जन्मला आणि काही वर्षे कोशात राहिला.

छपाई संगणकावर गेली, तेव्हा शब्द तोडायचा निर्णयही यंत्राकडे गेला. स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड क्नुथ यांचा विद्यार्थी फ्रँकलिन लियांग याने १९८३ साली या विषयावर पीएच. डी. केली, प्रबंधाच्या शीर्षकातच त्याने लांब शब्द हायफनने तोडून छापले. सगळा कोश यंत्रात भरायचा, तर तेव्हाच्या स्मरणशक्तीला तो परवडत नव्हता. लियांगने वेबस्टरच्या खिशात मावणाऱ्या कोशातून अक्षरांचे ४,४४७ छोटे नमुने काढले. प्रत्येक नमुन्यात अक्षरांच्या मध्ये एक ते पाचमधले आकडे. विषम आकडा तोडायला परवानगी देतो, सम आकडा मना करतो, आणि एकाच जागी अनेक नमुने भांडले तर मोठा आकडा जिंकतो. एवढ्याशा सामग्रीतून त्या कोशातले ८९ टक्के हायफन सापडतात आणि चूक जवळजवळ होत नाही. वेबस्टरचा शाळामास्तरी आग्रह, नटांचा कान, छापखान्याचा दंडक, सगळे त्या आकड्यांत उतरले आहे. आजही अनेक प्रकाशन-प्रणाली आणि ब्राउझर याच रीतीने ओळी तोडतात.

क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नमुन्यांबरोबर फक्त चौदा अपवादांची यादी दिलेली आहे. त्यांत ‘टेबल’ आहे, ‘असोसिएट’ आहे, आणि ‘प्रेझेंट’ व ‘प्रोजेक्ट’ही आहेत. पण शेवटच्या दोघांत हायफन घातलेलाच नाही. ते सलग ठेवले आहेत, म्हणजे यंत्राने त्यांना ओळीच्या शेवटी हात लावायचा नाही. कारण उघड आहे: समोरचा शब्द नाम की क्रियापद, हे यंत्राला कळत नव्हते. चुकीचे तोडण्यापेक्षा न तोडणे बरे, हा जुन्या कसबी कामगाराने घेतला असता असाच निर्णय आहे.

त्याच पद्धतीचे नमुने पुढे मराठीसाठीही तयार झाले. तिथे काम सोपे आहे. जोडाक्षर फोडायचे नाही, काना-मात्रा-वेलांटी व्यंजनापासून सुटू द्यायची नाही. बाकी जवळपास कुठेही ओळ मोडता येते. ‘रेकॉर्ड’ मराठीत आला तो नाम म्हणूनच. इंग्रजीतला आघाताचा खेळ त्याने सोबत आणला नाही, कारण मराठीला त्याची गरज नव्हती: धावांचा रेकॉर्ड मोडतात, जुन्या गाण्याची रेकॉर्ड लावतात, आणि आवाज रेकॉर्ड करतात. रिक्षाचे परमिट, बदलीची ट्रान्सफर, हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणणारा वर्ग, सगळ्यांचे तसेच. क्रियापद हवे असेल तेव्हा शेजारी ‘करणे’ ठेवले की झाले. शब्दाच्या पोटातले व्यंजन हलवावे लागत नाही, आणि ओळीच्या शेवटी रे वर राहून कॉर्ड खाली गेले, तरी नाम नामच राहते.